नाकाशी सूत

सोलापूरचा उन्हाळा आम्ही एखाद्या जुन्या दुखण्यासारखा अंगावर काढतो. मार्च सरत आला की माठाला ओले फडके गुंडाळले जाते, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात आणि दुपारी बारा ते पाच घरांची दारे बंद होतात. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचा कूलर इथे छान चालतो. वसईच्या माझ्या मावसभावाला हे खरे वाटत नाही. त्याच्याकडच्या दमट हवेत कूलर लावला की घर गार होण्याऐवजी चिकट होते! आमच्याकडे मात्र त्या ओल्या गवतातून आलेल्या वाऱ्यावर आम्ही पन्नास उन्हाळे निभावले. त्यामुळे वातानुकूलन ही मी चैनीत जमा धरलेली गोष्ट होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतलेल्या छोट्या मोटारीत ते होते, म्हणून होते. पेट्रोल वाचावे म्हणून त्याचे बटण मी क्वचितच दाबीत असे.

आईचे डायलिसिस सुरू झाले आणि हा हिशेब बदलला.

आईचे वय तेव्हा एक्याऐंशी. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. मूत्रपिंडे काम करीनाशी झाली की पाणी शरीरातून बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून पिण्याच्या पाण्यावर बंधन येते. डॉक्टरांनी तिला दिवसाला पाऊण लिटर नेमून दिले होते. त्यातच चहा, त्यातच औषधाबरोबरचा घोट आणि त्यातच आमटीतले पाणी. आई सकाळी पितळी तांब्यात आपले दिवसाचे पाणी काढून ठेवी आणि फुलपात्राने मोजून पिई. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना तहानलेल्या माणसाने भरल्या तांब्याकडे बघत बसायचे, ही शिक्षा काय असते ते मी त्या उन्हाळ्यात पाहिले. जीभ फार कोरडी पडली तर ती बर्फाचा एक लहानसा खडा तोंडात धरी आणि तोही हिशेबात मांडी.

डायलिसिसनंतर तिचा रक्तदाब उतरे. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब आणखी खाली येतो. रिक्षात तिला बसवत नसे. थोडक्यात, ज्याला मी चैन म्हणत होतो ती आता तिच्या औषधांच्या यादीत जाऊन बसली होती. दुपारी एकच्या सुमारास रुग्णालयातून निघायचे आणि शहर ओलांडून पूर्व भागातल्या आमच्या घरी पोचायचे. तेवढा पाऊण तास तिला गार हवा हवी होती. पाणी देता येत नव्हते. वारा तरी देता यावा.

नेमक्या त्याच वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गाडीतला वारा गार येईनासा झाला.

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडले, एक नळी जोडली आणि "गॅस कमी झालाय" असे सांगून वीस मिनिटांत गॅस भरून दिला. संध्याकाळची वेळ होती. घरी येईपर्यंत गाडी गारेगार झाली. दोन दिवसांनी दुपारी पुन्हा तेच. पुन्हा गॅस. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याने मान हलवून "कॉम्प्रेसर गेला असणार" असे भाकीत केले आणि अठरा हजारांचा आकडा सांगितला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला असा आकडा दोनदा ऐकावा लागतो. पहिल्यांदा तो कानाला खरा वाटत नाही.

या काळात आई मागच्या आसनावरून मला काहीतरी सांगत असे. "गाडी पळती तवर बरं असतंय बघ. थांबली की गरम होतंय." मी रस्त्याकडे पाहत "हो, हो" म्हणत असे. तिला वाटते तसे, एवढाच अर्थ मी तिच्या बोलण्याचा घेतला.

मग तो दिवस आला. सात रस्त्याच्या अलीकडे लग्नाची वरात होती. पुढे बँड, मागे ट्रॅक्टर, आजूबाजूला रिक्षा; गाडी जागची हलेना. यंत्राच्या झडपांतून आधी कोमट आणि मग सरळ गरम हवा येऊ लागली. मी काचा खाली केल्या, तर बाहेरची झळ आत आली. आरशात पाहिले. आईची मान एका बाजूला कलली होती. हाक मारली, उत्तर नाही. गाडी तिथेच सोडून मी तिला दोघा अनोळखी माणसांच्या मदतीने उचलून कडुनिंबाच्या सावलीत नेले. शेजारच्या घरातली एक बाई विंझणा घेऊन धावत आली. तिने आईचे पाय उंच धरायला सांगितले आणि कपाळावर ओला पदर ठेवला. पाच-सहा मिनिटांनी आईने डोळे उघडले. पहिला शब्द होता, "पाणी". मी बाटली पुढे केली. तिने एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मोजलास का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

अक्कलकोट रस्त्याकडच्या एका गल्लीत एक वयस्क मिस्त्री मोटारींच्या एसीचे काम करतात, असे एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची रक्ततपासणी उरकून परत येताना मी तिकडे गाडी वळवली. गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि समोर एक लिंबाचे झाड. मिस्त्री आपल्या पोरांशी तेलुगूत बोलत होते, माझ्याशी मराठीत. मी सर्व हकिकत सांगितली. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही.

"गार होत नाही हे कळलं सर. कधी होत नाही ते सांगा."

"कधीच होत नाही."

"कधीच नाही, तर त्या गॅरेजमधनं तीनदा गार होऊन कशी गेली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी गाडीच्या मागच्या काचेतून आत पाहिले. "मागं अम्मा बसतात काय? मग त्यांनाच विचारू की."

आईला खुर्ची दिली. तिने जणू उत्तर तयारच ठेवले होते. "दवाखान्यातनं निघाल्यावर पहिली पाच मिनिटं बरं असतंय. गाडी पळती तवर वारा गार. थांबली की कोमट. लई थांबली की गरम. सकाळी कायबी तक्रार नाही. मी सांगितलं की ह्याला."

"अम्मांनी अर्धं काम केलं," मिस्त्री म्हणाले, आणि मग बॉनेट उघडले.

पुढची पाऊण घटका मी जे पाहिले ते मला लिहून ठेवावेसे वाटते. गाडी आणि एसी चालू करून त्यांनी प्रथम कान दिला. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून लागत होता, म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत होता. पुढचा विजेचा पंखा फिरत होता. मग दोन नळ्यांना हात लावून पाहिले. बारीक नळी चटका बसेल इतकी गरम, जाड नळी थंड. तीही ठीक. यानंतर त्यांनी वर्तमानपत्राचे एक पान घेतले आणि गाडीच्या तोंडाशी, जाळीवर धरले. आतला पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. त्यांनी हात काढला. कागद सरळ खाली पडला.

खुर्चीतून आई म्हणाली, "नाकाशी सूत धरताय काय मिस्त्री?"

सगळे हसले. माणूस जायला टेकला की श्वास चालू आहे का हे पाहायला नाकाशी सूत धरतात, आणि ते हलले नाही की घरातले समजायचे ते समजतात. मी मात्र हसू शकलो नाही. आदल्या दुपारी कडुनिंबाखाली मी तेच करीत होतो.

मिस्त्रींनी मग दोन तबकड्यांचे दाबमापक जोडले. निळ्या तबकडीवरचा दाब ठीक होता. तांबड्या तबकडीवरचा काटा, गाडी जागेवर उभी असल्यामुळे, चढत चढत साडेतीनशेच्या पुढे गेला. "आता बघा," म्हणून त्यांनी अर्धी बादली पाणी मागवले आणि पुढच्या जाळीवर तांब्याने हळूहळू ओतले. ज्या शहराने नळाच्या पाण्याची दिवस दिवस वाट पाहिली आहे तिथे पाणी असे ओतताना कोणाचाही हात आखडतो. त्यांचाही आखडत होता. पण काटा भराभर उतरला आणि आतल्या झडपेत अडकवलेला तापमापक एकवीस अंशांवरून बारावर आला. पाणी वाळले, काटा पुन्हा वर चढला.

"एसी गारवा तयार करत नाही, सर. आतला उन्हाळा उचलून बाहेर टाकतो. टाकायची जागाच बुजली, तर तो करणार काय?"

इथे एक कबुली द्यायला हवी. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता घेतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर सोडतो, हा अप्रकट उष्म्याचा धडा मी प्रत्येक वर्षी फळ्यावर काढून शिकवला. माठ का गार राहतो, हे मुलांना विचारले. मोटारीत याहून वेगळे काही नसते. एका बंद नळीत एक द्रव फिरत असतो. आपल्या दृष्टीने तो इतका उतावळा, की साध्या वातावरणीय दाबाखाली शून्याखाली सव्वीस अंशांनाच उकळतो. आसनापुढच्या फळीमागे तो उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो. हा फेरा अखंड चालतो. त्यात काहीही जळत नाही, काहीही खर्च होत नाही. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, की गाडी चालली म्हणून तो संपावा. कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळाला असला पाहिजे; आणि गळती शोधल्याशिवाय तो भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. हे सारे मला ठाऊक होते. तरी "गॅस संपला" म्हटल्यावर मी तीनदा पाकीट उघडले.

आणि आमचा गॅस तर गळलाही नव्हता. मिस्त्रींनी तो यंत्राने काढून तराजूवर तोलला. बॉनेटखालच्या पट्टीवर चारशे वीस ग्रॅम असे छापलेले होते. आतून निघाला पाचशे नव्वद. बुजलेल्या कंडेन्सरवर वरून हे जादा ओझे. दाब अतोनात वाढला की एक सुरक्षा-कळ कॉम्प्रेसर बंद पाडते. वरातीत अडकल्यावर झडपांतून सरळ गरम हवा का आली, त्याचे उत्तर त्या तराजूत होते. मी पैसे देऊन दुखणे वाढवले होते.

दुसरा एखादा असता तर त्याने जादा गॅस झडप दाबून हवेत सोडून दिला असता. मिस्त्रींनी तो टाकीत साठवला. मला ते बरे वाटले. या वायूंचा इतिहास मुलांना सांगताना मी नेहमी रेंगाळत असे. पूर्वीच्या मोटारींत आर-१२ नावाचा वायू असे. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता, म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की असे वायू वर जाऊन ओझोनचे आवरण कुरतडतात. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९५ साली त्या दोघांना पॉल क्रुत्झन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि भारतात अशा वायूंचे नेहमीच्या वापरासाठीचे उत्पादन २००८ साली थांबले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. म्हणून २०१६ साली किगालीला आणखी एक करार झाला आणि २०२१ साली भारताने त्याला मान्यता दिली. एका छोट्या मोटारीतला चारशे ग्रॅम वायू! पण गल्लोगल्ली तो तीनतीनदा भरला आणि सोडला जात असेल, तर त्याची बेरीज कोण करणार?

बंपर उतरवायला दीड तास लागला. कंडेन्सर पुढे कलवल्यावर, तो आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत, मळकट राखाडी रंगाचा एक जाड थर दिसला. मिस्त्रींनी तो हलक्या हाताने सोडवला. चादरीच्या तुकड्यासारखा तो अखंड निघून आला. त्यांनी तो आईच्या हातात दिला. आईने चिमटीत धरून चोळला, ओढून पाहिला.

"कापूस हाय," ती म्हणाली. "टावेलाचा."

आईने उमेदीची वर्षे लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढली होती. बोटांना ओळख होती. आमच्या घराशेजारी टॉवेल विणणाऱ्या आठ यंत्रमागांची एक शेड आहे. तिचा हवा बाहेर फेकणारा पंखा गल्लीत उघडतो आणि मी रोज रात्री त्या पंख्याकडे तोंड करून गाडी लावत आलो होतो. गाडी आणायची, लावायची. तापलेल्या इंजिनाला थंड करण्यासाठी पंखा आणखी थोडा वेळ फिरत राहायचा आणि शेडमधून आलेले तंतू ओढून घ्यायचा. वर्षानुवर्षे धुळीत आणि ओलाव्यात त्यांचे असे नमदे झाले होते. शेडच्या मालकाला मी काय बोलणार? त्या शेडवर आठ घरे चालतात.

गमतीची गोष्ट अशी, की 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी सुताच्या पोटी जन्माला आला. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपले यंत्र आखले ते खरे; पण हवेला 'कंडिशन' करायचे हा शब्दप्रयोग १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन माणसाने कापड गिरण्यांसाठी केला. हवा कोरडी असली की सूत तुटते. म्हणून गिरणीच्या हवेत पाण्याचा अंश वाढवायचा. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून इथल्या कोरड्या हवेने हीच अडचण घातली असणार. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सुतासाठी ओल होती. माणसासाठी नव्हती. आत नुसतं उकडायचं." म्हणजे ज्या शोधाच्या नावाने आम्ही आता गारव्याची वाट पाहत होतो, त्याची पहिली ओळख तिला घामाने झाली होती.

कंडेन्सर मऊ ब्रशने आणि आतून बाहेर सोडलेल्या हलक्या पाण्याच्या धारेने धुतला. जोराची धार मारली तर त्याची नाजूक पाती वाकतात आणि वाट पुन्हा बंद होते, हेही तिथे कळले. मग अर्धा तास यंत्राने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, दाब टिकतो का ते पाहिले आणि तराजूवर तोलून चारशे वीस ग्रॅम गॅस परत भरला. मिस्त्रींनी घेतलेले पैसे माझ्या आधीच्या तीन बिलांपैकी एकाहूनही कमी होते. वर्तमानपत्राचे पान पुन्हा जाळीवर धरले. ते चिकटून फडफडत राहिले.

पहिल्या गॅरेजमधल्या मुलाला मी नंतर जाऊन सांगितले. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "सर, दुपारपर्यंत आठ गाड्या असतात. गॅस वीस मिनिटांत होतो. बंपर कोण उतरवतंय?" तो लबाड नव्हता. त्याच्यापाशी विचारायला वेळ नव्हता, एवढेच. माझ्यापाशी तर वेळच वेळ होता आणि सांगणारी मागेच बसलेली होती.

गाडी मी आता पंख्याकडे पाठ करून लावतो. महिन्यातून एकदा कागद धरून पाहतो.

पुढच्या गुरुवारी परतताना सात रस्त्यापाशी पुन्हा अडकलो. दुपारचा दीड. आत वारा गार होता. आई डोळे मिटून बसली होती. बॉनेटशेजारी विड्यांची टोपली घेऊन उभी असलेली एक बाई एकदम दचकून बाजूला सरकली. माझ्या गाडीखालून निघालेली झळ तिच्या पावलांवर आली होती. आतला उन्हाळा उचलून बाहेर टाकतो, असे मिस्त्री म्हणाले होते. तो बाहेर कोणावर पडतो, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हा आला नव्हता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात वाढत्या उपभोगाचे उदाहरण म्हणून नेमके वातानुकूलनाचेच नाव घेतले आहे. ते मी पूर्वी वाचले होते आणि ते दुसऱ्या कोणासाठीतरी लिहिले आहे असे समजून पान उलटले होते. त्या बाईने पदराने चेहरा पुसला आणि ती दुभाजकाच्या पलीकडे गेली. मागे आईला गार हवा हवी होती. बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला.

तेवढ्यात आईने पायांवरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे न उघडता म्हणाली, "आता जरा कमी कर की. थंडी वाजतीय."